पालवणकर बाळू यांची क्रिकेट कारकीर्द : गुणवत्तेची मान्यता आणि नेतृत्वाचा नकार

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भारतातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव घेतले जात असे, ते पालवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले होते. भारतीय संघ पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला तो १९३२ साली. तोवर बाळूंना मैदान सोडून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्यामुळे कसोटी सामन्यांपासून सुरू होणाऱ्या क्रिकेटच्या रूढ इतिहासात त्यांना फारसे स्थान मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू पालवणकर विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, परंतु तेही कालांतराने विस्मरणात गेले. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या घराण्याची कथा सविस्तर मांडल्यानंतर अभ्यासकांचे लक्ष पुन्हा बाळूंकडे वळले.

बाळूंच्या जीवनाविषयी लिहिताना 'खेळाने जातीच्या भिंती पाडल्या' असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. प्रस्तुत लेखात हा निष्कर्ष तपासून पाहावयाचा आहे. बाळूंच्या हाती चेंडू देण्यास तत्कालीन समाज तुलनेने लवकर तयार झाला, मात्र संघाची सूत्रे देण्यास तो अखेरपर्यंत तयार झाला नाही. गुणवत्तेची मान्यता आणि अधिकाराची मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या कारकिर्दीतून स्पष्ट होते.

प्रारंभिक जीवन : मैदानावरील नोकर

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातील, पालवण या गावावरून आडनाव आलेले. वडील लष्करात नोकरीस होते व त्यांचे वास्तव्य पुण्यात होते. ब्रिटिश लष्कराच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातील अनेक अस्पृश्य कुटुंबांना गावगाड्याबाहेर पडण्याची संधी मिळाली, ही बाब सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पालवणकर कुटुंबाबाबतही तेच घडले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले क्रिकेटचे साहित्य हाती लागले आणि बाळू व त्यांचे बंधू शिवराम यांनी त्यावर खेळाचे पहिले धडे गिरविले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे, तीवर रूळ फिरविणे आणि सदस्यांना सरावासाठी अधूनमधून गोलंदाजी करणे हे काम, व पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात दाखल झाले. येथे पगार चार रुपये झाला आणि जाळी लावणे, रेषा आखणे ही कामे वाढली. या क्लबातील अव्वल फलंदाज जे. जी. ग्रेग हे बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देण्याचे ग्रेग यांनी मान्य केले होते, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीवरील बाळूंचे प्रभुत्व या सरावातून घडले, हे मान्य करावे लागते.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. पूना क्लबात बाळूंनी अगणित चेंडू टाकले, पण त्यांच्या हाती बॅट देण्यात आली नाही. तत्कालीन क्रिकेटमध्ये फलंदाजी हा सन्मानाचा व गोलंदाजी हा कष्टाचा भाग मानला जाई. इंग्लंडमध्येही हौशी 'जंटलमन' आणि वेतन घेणारे 'प्लेअर' असा भेद काटेकोरपणे पाळला जात होता. हौशी खेळाडू बहुधा फलंदाजीकडे झुकत आणि गोलंदाजीचा मोठा भार व्यावसायिकांवर पडे. हा भेद अधिकृतपणे संपुष्टात आला तो १९६२ साली. पुण्यात या वर्गभेदावर वंशभेदाचा थर चढला होता. त्याखाली जातिभेदाचा थर आधीपासूनच होता.

हिंदू क्लब आणि मातीचे भांडे

मुंबई इलाख्यातील क्रिकेट समाजनिहाय संघटित झालेले होते. पारशांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन करून या खेळात पुढाकार घेतला. १८८६ व १८८८ साली त्यांचे संघ इंग्लंडलाही जाऊन आले. १८७५ साली बॉम्बे जिमखाना युरोपियनांसाठी, १८८५ साली पारशी जिमखाना, १८९२ साली इस्लाम जिमखाना आणि १८९४ साली हिंदू जिमखाना अशी संस्थांची रचना उभी राहिली. खेळाडू कोण, याचे पहिले उत्तर त्याचा धर्म कोणता, हे होते. परंतु हिंदू संघात कोणत्या जातींना प्रवेश, हा प्रश्न अनुत्तरित होता. तो पुण्यात बाळूंच्या निमित्ताने उपस्थित झाला.

युरोपियनांना हरवावयाचे तर बाळूंसारखा गोलंदाज संघात हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबातील मंडळींना कळत होते, पण वळत नव्हते. काही सदस्यांनी बाळूंच्या समावेशाचा आग्रह धरला, तर सनातनी सदस्यांनी त्यास विरोध केला. अखेर त्यांना संघात घेण्यात आले. त्यानंतरची व्यवस्था मात्र बोलकी होती. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला स्पर्श करीत. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसून चिनीमातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे पानही निराळे असे. म्हणजेच विटाळाची कल्पना खेळाच्या वेळेपुरती स्थगित होत असे आणि खेळ थांबताच पूर्ववत सुरू होई.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात बळी घेऊन पुण्याच्या संघाला विजय मिळवून दिला. त्यानंतर पुण्यातील समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला आणि पुढे लोकमान्य टिळकांनीही त्यांची जाहीर प्रशंसा केली. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर परस्परविरोधी भूमिका घेणाऱ्या या दोन नेत्यांनी एकाच खेळाडूचा गौरव करावा, ही घटना लक्षणीय आहे. गोऱ्यांवरील विजयाचे राष्ट्रीय मूल्य दोघांनाही दिसत होते.

मुंबई, रेल्वे आणि १९०६ चा विजय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास, बाळू मुंबईस आले. येथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले आणि बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. बीबीसीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचा सुरतेहून येणारा लोहमार्ग १८६४ साली मुंबईपर्यंत पूर्ण झाला होता. आपले डहाणू रोड स्थानक याच मार्गावर आहे. १९५१ साली ही कंपनी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. रेल्वे कंपन्यांनी आपले क्रीडासंघ उभारून खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. क्लबातील चार रुपयांच्या चाकरीहून ही नोकरी निराळी होती, कारण तीत खेळाडू म्हणून असलेली योग्यता गृहीत धरलेली होती.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात मुंबईत सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या, तर युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळविला. वंगभंगानंतर स्वदेशी चळवळीने देश ढवळून निघत असताना हा विजय मिळाला, त्यामुळे त्याचा आनंद मैदानापुरता मर्यादित राहिला नाही. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि शिवराम हेही संघात होते. मुंबईत एव्हाना पंक्तिभेद बराच सैल झाला होता. या दोघा बंधूंना सहकाऱ्यांसमवेत भोजनास बसता येऊ लागले होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारणावादी पत्राने या बदलाची दखल घेऊन विजयाचा संबंध सामाजिक सुधारणेशी जोडला.

इंग्लंडचा दौरा (१९११)

१९११ साली पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान व शीख खेळाडू प्रथमच एका संघात एकत्र आले होते. महाराजा स्वतः मोजकेच सामने खेळले. संघाची कामगिरी बेताची झाली. चौदा प्रथमश्रेणी सामन्यांपैकी दहा गमावले, दोन अनिर्णित राहिले आणि लीस्टरशायर व सॉमरसेट या दोन परगण्यांविरुद्ध विजय मिळाला. सॉमरसेटविरुद्धचा विजय अवघ्या एका गड्याने मिळाला व त्यात शिवराम यांचे शतक निर्णायक ठरले.

या अपयशी दौऱ्यात बाळूंचे यश उठून दिसते. त्यांनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. त्यांपैकी प्रथमश्रेणी सामन्यांतील बळी ७५, सरासरी २० धावांच्या आसपास. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी होय. या वेळी त्यांचे वय पस्तिशीत होते. संपूर्ण कारकिर्दीत ३३ प्रथमश्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने त्यांनी १७९ बळी मिळविले. हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावयास हवे की, बाळूंच्या उमेदीची वर्षे प्रथमश्रेणीत न मोजल्या जाणाऱ्या सामन्यांत गेली. नोंदीत दिसते ती कारकीर्द वयाच्या तिशीपासून पुढची आहे.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयातील तरुण विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांनी लिहिल्याचे सांगितले जाते. शाळेत तहानेने व्याकूळ होऊनही पाण्याला हात लावण्याची मुभा नसलेल्या पिढीला, साहेबाच्या देशात साहेबाला बाद करणारा आपल्यातील माणूस काय वाटला असेल, याची कल्पना करता येते.

कर्णधारपदाचा प्रश्न

१९०७ साली पारशांच्या समावेशाने स्पर्धा तिरंगी झाली आणि १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली. ज्येष्ठता व कर्तृत्व पाहता हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे येणे स्वाभाविक होते. वर्षामागून वर्षे गेली, तरी ते आले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी आपल्या सत्काराला उत्तर देताना, हा मान वस्तुतः बाळूंना मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. वैयक्तिक पातळीवर सहकाऱ्यांची मने बदलली होती. संस्थेचा निर्णय मात्र बदलला नव्हता.

हा विरोधाभास समजून घेण्यासाठी कर्णधारपदाचे स्वरूप पाहावे लागते. गोलंदाज कितीही श्रेष्ठ असला तरी तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून गोलंदाजी करतो. कर्णधार मात्र इतरांना आज्ञा देतो, त्यांच्या जागा ठरवितो आणि संघाच्या वतीने बोलतो. उच्चवर्णीय खेळाडूंनी अस्पृश्य कर्णधाराची आज्ञा पाळावी, ही गोष्ट एका पंक्तीत जेवण्यापेक्षाही अवघड ठरली. इंग्लंडमध्ये वर्गाच्या आधारे हेच घडत होते. मायदेशातील कसोटीत इंग्लंडचे नेतृत्व करण्याचा मान व्यावसायिक खेळाडूला मिळाला तो थेट १९५२ साली, लेन हटन यांच्या रूपाने.

याच काळातील आयर्लंडच्या फुटबॉलशी तुलना केल्यास आणखी एक मुद्दा स्पष्ट होतो. ब्रिटिश साम्राज्याच्या या दुसऱ्या टोकालाही खेळ धर्माच्या रेषेवर विभागलेला होता. बेलफास्ट शहरात १८८६ साली स्थापन झालेल्या लिनफिल्ड क्लबाचा पाठीराखा वर्ग प्रामुख्याने प्रॉटेस्टंट, तर १८९१ च्या बेलफास्ट सेल्टिकचा कॅथलिक होता. बेलफास्टचे बिली स्कॉट हे इंग्लंडमधील एव्हर्टन क्लबाचे गोलरक्षक होते व त्यांच्या क्लबाने १९०६ साली, म्हणजे मुंबईतील हिंदूंच्या विजयाच्याच वर्षी, एफ. ए. चषक जिंकला. पुढे १९१२ साली त्यांचे धाकटे बंधू एलिशा स्कॉट लिव्हरपूल क्लबात दाखल झाले. पालवणकर बंधूंप्रमाणेच येथेही थोरल्याच्या मागून धाकटा त्याच वाटेने गेला. १९०१ पासून इंग्लिश लीगमधील खेळाडूला आठवड्यास चार पौंडांपेक्षा अधिक वेतन देण्यास मनाई होती आणि खेळाडूंनी त्याविरुद्ध संघटना उभारली. तेथील झगडा धर्माचा व वेतनाचा होता. बाळूंचा झगडा आपल्याच धर्माच्या संघात, आपल्याच सहकाऱ्यांशी होता. त्यांच्यापुढे पर्यायी क्लब नव्हता, कारण दुसऱ्या कोणत्याही धर्माच्या संघात त्यांना जागा नव्हती.

१९२० : नकाराचे वर्ष

१९२० साली परिस्थितीने निराळे वळण घेतले. या वर्षाच्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. मार्च महिन्यात माणगाव परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाचा पुरस्कार केला. डिसेंबरमध्ये नागपूर काँग्रेसने अस्पृश्यता निवारणाचे आवाहन केले. याच हिवाळ्यात चौरंगी स्पर्धेच्या वेळी बाळूंना हिंदू संघातून वगळण्यात आले. कर्णधार पै आजारी असल्याने नेतृत्वाचा प्रश्न निर्माण झाला, तेव्हा संघातील अव्वल फलंदाज व ज्येष्ठ खेळाडू विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांची निवड करण्यात आली. देवधर हे मोठे फलंदाज होते, यात शंका नाही. परंतु ज्येष्ठतेचा निकष येथेही बाजूला पडला होता.

या वेळी विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जातीच्या कारणाने आपल्यावर अन्याय होत असल्याचे निवेदन प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांतून चर्चा झाली, लोकमत प्रक्षुब्ध झाले. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले व दोघे बंधू संघात आले. पारशांविरुद्धच्या या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले व बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळालेला हा मान तात्पुरता होता. १९२३ साली मात्र विठ्ठल हे हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले, त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांवर विजय मिळविला आणि जमावाने त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

येथे कार्यकारणभाव तपासणे आवश्यक आहे. बाळूंनी घेतलेल्या बळींमुळे विठ्ठल कर्णधार झाले असे म्हणणे अपुरे आहे, कारण ते बळी १९१३ सालीही सर्वांना ज्ञात होते. १९२० मध्ये नव्याने घडलेली गोष्ट म्हणजे नकार, आणि त्या नकाराला बाहेरच्या सामाजिक चळवळीने दिलेले बळ.

मैदानानंतरचा काळ

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात आले. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध जाऊन संयुक्त मतदारसंघाचा पक्ष घेतला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षऱ्या करणाऱ्यांत बाळूंचेही नाव आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

ज्या तरुणाने कधीकाळी आपले मानपत्र लिहिल्याचे सांगितले जाते, त्याच्याकडून बाळूंचा पराभव झाला. या घटनेमुळे दलित चळवळीच्या स्मरणात बाळूंचे स्थान संदिग्ध राहिले. तथापि त्यांची राजकीय भूमिका त्यांच्या अनुभवाच्या संदर्भात पाहणे न्याय्य ठरेल. संयुक्त संघात राहूनच, धीम्या गतीने का होईना, चहाच्या मातीच्या भांड्यापासून पंक्तीपर्यंतचा प्रवास त्यांनी केला होता. त्यामुळे संयुक्त व्यवस्थेवर त्यांचा विश्वास बसला असणे शक्य आहे. त्याच अनुभवाचा दुसरा अर्थही निघतो. बहुसंख्याकांच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या निवडीत नेतृत्व मिळत नाही, हे सत्य बाळूंच्याच कारकिर्दीने दाखविले होते, आणि डॉ. आंबेडकरांच्या मागणीचा गाभा तोच होता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रभादेवीतील एक रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो.

निष्कर्ष

बाळूंच्या कारकिर्दीच्या अभ्यासातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, वसाहतकालीन क्रिकेटने अस्पृश्य खेळाडूला प्रवेश दिला तो त्याच्या उपयुक्ततेमुळे, आणि उपयुक्ततेच्या सीमेवरच तो थांबविला. दुसरी, स्पर्शाचे, पंक्तीचे आणि नेतृत्वाचे निर्बंध एकाच वेळी उठले नाहीत. ते क्रमाने सैल झाले व शेवटचा निर्बंध सर्वांत चिवट ठरला. तिसरी, हा शेवटचा निर्बंध मोडण्यासाठी खेळातील पराक्रम पुरेसा झाला नाही. त्यासाठी खेळण्यास नकार द्यावा लागला.

या निष्कर्षांचा संबंध केवळ भूतकाळाशी नाही. डहाणू व तलासरी हे आदिवासीबहुल तालुके आहेत. येथील वाड्यापाड्यांतून धावण्याच्या शर्यतीत, कबड्डीत वा क्रिकेटमध्ये विद्यार्थी पुढे येतात, तेव्हा त्यांच्या पदकांची नोंद आपण अभिमानाने करतो. बाळूंची कारकीर्द त्यापुढचे प्रश्न विचारावयास शिकविते. संघाचा कर्णधार कोण होतो, निवड समितीत कोण बसतो, आणि खेळ संपल्यावर त्या खेळाडूचे पान कोठे मांडले जाते? पदकांच्या यादीत या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत. ती शोधणे हे क्रीडा-इतिहासाचे काम आहे.